टेबलं शाबूत, अक्षरं गायब

मध्यंतरी माळा आवरायला काढला होता. माळा आवरणं म्हणजे काय, तर वस्तू खाली काढायच्या, प्रत्येकीकडे दहा मिनिटं बघत बसायचं आणि परत वर ठेवायच्या. पण या वेळी बुटांच्या एका खोक्यात वीस-पंचवीस सीड्या निघाल्या. त्यातल्या एकीवर माझ्याच अक्षरात मार्करने लिहिलं होतं, 'बाबा - कोयना - वेबपेज - फायनल'. आणि खाली वेगळ्या शाईत 'फायनल २'. (कॉम्प्युटरवर काम करणाऱ्या माणसाच्या आयुष्यात 'फायनल' एकच कधी नसतं!)

थोडं मागे जाऊन सांगतो. बाबा तरुणपणी कोयना प्रकल्पावर ओव्हरसियर होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी त्या दिवसांच्या आठवणी दोन जाड वह्यांमध्ये लिहून काढल्या. त्यात ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा भूकंपही होता. मी तेव्हा पुण्यात वेब डिझाइनचा कोर्स करून नुकताच नोकरीला लागलो होतो, हात शिवशिवत होते. म्हटलं, बाबा, तुमच्या वह्या मी वेबवर टाकतो. २००१ च्या दिवाळीत ते पान तयार झालं आणि एका फुकट जागा देणाऱ्या ठिकाणी चढलं. ती जागा पुढे बंद पडली. वह्या २००५ च्या जुलैत कृष्णेचं पाणी सांगलीतल्या आमच्या घरात शिरलं तेव्हा गेल्या. बाबा २०११ मध्ये गेले. म्हणजे आता उरली होती ती ही सीडी.

सीडी चालवायला ड्राइव्ह शोधण्यात दोन दिवस गेले. शेवटी एका मित्राकडे बाहेरून जोडायचा निघाला. धडधडत्या छातीने फाइल उघडली आणि... पान उघडलं की हो! वीस-बावीस वर्षांपूर्वीचं पान, आजचा ब्राउझर, आणि तरी काहीसुद्धा हललेलं नव्हतं. वर मरून रंगाची पट्टी, डावीकडे मेनू, उजवीकडे मजकुराचा रकाना, भोवती बारीक सोनेरी रेघ. एकही चौकट तसूभर सरकलेली नाही.

फक्त मजकूर नव्हता. म्हणजे होता, पण मराठी नव्हता. डॉलर, टक्का, कंस, डोक्यावर दोन टिंबं असलेली कुठली तरी युरोपीय अक्षरं, मध्येच प्रश्नचिन्ह, परत डॉलर. ओळीमागून ओळी. टेबलं जशीच्या तशी उभी होती, आणि आत बाबा नव्हते.

हे का झालं ते मला लगेच कळलं, धंदाच तो आहे माझा. पण त्या रात्री झोप काही लागली नाही. गेली पंचवीस वर्षं ज्या गोष्टीवर पोट भरतो आहे तिचा सगळा इतिहास डोक्यात उलटसुलट फिरत राहिला. तोच इथे मांडतो आहे. ज्यांना कॉम्प्युटरचा कंटाळा आहे त्यांनीही थोडं थांबावं, फार तांत्रिक होऊ देणार नाही.

वेबची सुरुवात टिम बर्नर्स-ली यांनी जिनीव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत केली. शास्त्रज्ञांनी एकमेकांना कागद पाठवायचे, एवढाच हेतू. म्हणून एचटीएमएलमध्ये फक्त इतकंच सांगायची सोय होती की हा मथळा, हा परिच्छेद, ही यादी. मथळा केवढा, कुठल्या रंगात, हे ज्याचं त्याचं मशीन ठरवणार. शास्त्रज्ञांचं त्यात भागत होतं. पण वेब बाहेर पडलं तसं लोक विचारू लागले, माझं पान मला हवं तसं दिसेल कसं?

याच सर्नमध्ये तेव्हा होकॉन व्हियुम ली नावाचा नॉर्वेचा तरुण काम करत होता. १० ऑक्टोबर १९९४ रोजी त्याने एक प्रस्ताव मांडला, 'कॅस्केडिंग एचटीएमएल स्टाइल शीट्स'. मजकूर एका जागी ठेवा, तो कसा दिसावा हे दुसऱ्या जागी लिहा. झालं, एवढीच कल्पना. त्यानंतर तीनच दिवसांनी नेटस्केपने आपला ब्राउझर येत असल्याचं जाहीर केलं. त्यामुळे त्या आठवड्यात जगाचं लक्ष कुठे गेलं असेल हे सांगायला नको.

त्या पहिल्या प्रस्तावातली एक गंमत मला फार आवडते. त्यात प्रत्येक सूचनेला टक्के जोडता येत होते. म्हणजे पान लिहिणारा म्हणणार, मथळा एवढा मोठा हवा आणि माझा आग्रह चाळीस टक्के. वाचणारा म्हणणार, माझे डोळे अधू आहेत, मला याहून मोठा हवा आणि माझा आग्रह साठ टक्के. ब्राउझरने दोघांचं ऐकून मध्यम मार्ग काढायचा. अगदी लग्नाच्या बैठकीसारखं! 'कॅस्केडिंग' म्हणजे हेच. ब्राउझरच्या सूचना, वाचकाच्या सूचना, लेखकाच्या सूचना, एकावर एक पायरीने उतरत येतात आणि शेवटी पान ठरतं. पुढे बर्ट बॉस हा डच गृहस्थ त्याला येऊन मिळाला, दोघांनी मिळून ते तडीला नेलं आणि १७ डिसेंबर १९९६ रोजी सीएसएसची पहिली आवृत्ती अधिकृत झाली. टक्के मात्र वाटेत गळले. पहिल्या आवृत्तीत तर लेखकाने 'हे महत्त्वाचं' असा शिक्का मारला की वाचकाचा तसाच शिक्कासुद्धा हरायचा. १९९८ च्या दुसऱ्या आवृत्तीत ते उलट केलं, अखेरचा शब्द वाचकाचा.

आम्हाला यातलं काहीही माहीत नव्हतं हो. मी कोर्सला गेलो २००० साली. आमच्या सरांनी पहिल्या दिवशी फळ्यावर एक टेबल काढलं आणि म्हणाले, वेबपेज म्हणजे टेबल. मेनू या खणात, मजकूर त्या खणात, कडा दिसू नयेत म्हणून बॉर्डर शून्य. टेबलात टेबल, त्यात आणखी एक टेबल. अंतर हवं तर एक पिक्सेलचं पारदर्शक चित्र घ्यायचं आणि ते ताणायचं. रंग, आकार, ठसा, सगळं फॉन्टच्या टॅगमध्ये, आणि तो टॅग प्रत्येक परिच्छेदाला नव्याने. शंभर परिच्छेद असले तर शंभर वेळा. मला ते इतकं आवडलं म्हणून सांगू! कागदावर काढलेली चौकट पडद्यावर हुबेहूब उभी करता येणं ही जादूच होती.

ही युक्ती जगभर पसरवली ती डेव्हिड सीगल या अमेरिकन डिझायनरने. १९९६ मधलं त्याचं पुस्तक त्या काळी डिझायनरांची पोथीच होती. आणि हाच माणूस १९९७ मध्ये लेख लिहून मोकळा झाला की वेबची वाट लागली आहे आणि ती मीच लावली आहे. असा कबुलीजबाब देणारे लोक आमच्या क्षेत्रात विरळाच.

पण आज मागे वळून आम्हाला हसणाऱ्यांना एक सांगावंसं वाटतं. तेव्हा दुसरा इलाजही नव्हता. सीएसएसच्या पहिल्या आवृत्तीत रंग होते, समास होते, ठसे होते, पण पानाचे रकाने पाडायची नीट सोयच नव्हती. आणि जे होतं तेही ब्राउझरांना झेपत नव्हतं. १९९६ च्या इंटरनेट एक्सप्लोरर ३ मध्ये सीएसएस अर्धवट होतं. नेटस्केपने तर स्वतःची वेगळीच पद्धत काढली होती, जावास्क्रिप्टवर चालणारी. ती काही टिकली नाही. पण नेटस्केप ४ मध्ये सीएसएस आतून तिच्याच खांद्यावर बसवलेलं होतं. परिणाम काय, तर जावास्क्रिप्ट बंद केलं की पानाचा सगळा साजही उतरायचा! अशा परिस्थितीत टेबल म्हणजे भरवशाची म्हैस होती, आणि ही कधी टोणगा देत नव्हती.

त्या पानात मी सीएसएसची एकच ओळ वापरली होती. अक्षराचा आकार बारा पिक्सेल. सरांनी सांगितलं होतं की असं दिलं की वाचणाऱ्याने काहीही केलं तरी डिझाइन बिघडत नाही. आणि ते खरं होतं. पिक्सेलमध्ये दिलेलं अक्षर एक्सप्लोररच्या मेनूतून मोठं करताच यायचं नाही. बाबांना मी सायबर कॅफेत नेऊन ते पान दाखवलं तेव्हा ते बराच वेळ पडद्यात डोकं घालून बसले होते. मग म्हणाले, "छान झालंय रे. पण अक्षर जरा थोर करता येईल का?" मी म्हणालो, "बाबा, मग उजवीकडचा रकाना खाली पडतो." ते बरं म्हणाले. परत कधी त्यांनी तो विषय काढला नाही. आपल्याच वह्या त्यांनी पडद्यावर पूर्ण वाचल्या होत्या की नाही, मला ठाऊक नाही. असो.

आता त्या डॉलर-टक्क्यांकडे येतो.

देवनागरी युनिकोडमध्ये १९९१ पासूनच आहे. पण ते आपल्या घरच्या कॉम्प्युटरपर्यंत यायला वेळ लागला. विंडोज २००० मध्ये देवनागरीची सोय आणि र. कृ. जोशींनी घडवलेला 'मंगल' फॉन्ट आला. विंडोज ९८ वाल्यांना ते मिळालं नाही, आणि एक्सपीवाल्यांना कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन एका चौकोनात टिचकी मारून परत विंडोजची सीडी घालावी लागायची. (ज्यांनी हे केलं आहे त्यांना आठवत असेल. सीडी नेमकी शेजाऱ्यांकडे असायची.) मग तोवर मराठी माणूस काय करत होता? तर इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी चित्रं बसवत होता. फॉन्टमध्ये 'के' या रोमन अक्षराच्या जागी अर्धा क, डॉलरच्या जागी रफार, अशी ती व्यवस्था. कॉम्प्युटरला वाटतं आपण डॉलर लिहिला, माणसाला दिसतो रफार. प्रत्येक कंपनीच्या फॉन्टची मांडणी निराळी. तेव्हाची बरीच मराठी वर्तमानपत्रंही वेबवर अशीच निघत, आणि वाचकाकडे फॉन्ट नसेल तर तो पानाबरोबर उतरवून घ्यायची सोय एक्सप्लोररने १९९७ पासून दिली होती. ती फाइल संकेतस्थळाच्या पत्त्याला बांधलेली असे. पत्ता गेला की फाइल मुकी. माझ्या सीडीवरची फाइल अशीच मुकी झाली होती.

त्या रात्री माझ्या डोक्यात लख्ख पडलं ते हे, की टेबलांचा घोटाळा आणि फॉन्टचा घोटाळा हा एकच आहे. टेबल हे तक्त्यासाठी होतं, आम्ही ते सजावटीला जुंपलं. अक्षर हे अर्थासाठी असतं, आम्ही त्याचं चित्र केलं. होकॉन ली सांगत होता की काय आहे आणि कसं दिसतं या दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. इंग्रजीवाल्यांनी ते ऐकलं नाही तर त्यांचं नुकसान एवढंच झालं की पानं अवजड झाली. त्यांचा 'ए' तरी 'ए'च राहिला. आम्ही ऐकलं नाही तर आमचा मजकूरच गेला, कारण आमच्याकडे दिसण्यापलीकडे काही शिल्लकच ठेवलेलं नव्हतं.

इकडे जगात भांडणं जोरात चालू होती. १९९८ मध्ये जेफ्री झेल्डमन वगैरे मंडळींनी वेब स्टँडर्ड्स प्रोजेक्ट काढून ब्राउझर कंपन्यांच्या मागे लकडा लावला की ठरलेले नियम पाळा. २००१ मध्ये एक्सप्लोरर ६ आला, बघता बघता नव्वद टक्क्यांच्या वर लोक तोच वापरू लागले, आणि स्पर्धाच उरली नाही म्हटल्यावर पुढची आवृत्ती थेट २००६ मध्ये आली. ती पाच वर्षं आम्ही कशी काढली ते आमचं आम्हाला माहीत. माझी उमेदीची वर्षं त्या एका ब्राउझरची समजूत काढण्यात गेली म्हटलं तरी चालेल.

पण त्याच काळात, मे २००३ मध्ये, डेव्ह शे या कॅनडाच्या डिझायनरने 'सीएसएस झेन गार्डन' सुरू केलं. एकच मजकूर, एकच एचटीएमएल, त्याला हात लावायचा नाही. फक्त सीएसएसची फाइल बदलायची. आणि जगभरच्या लोकांनी त्या एकाच मजकुराची अशी काही रूपं पाठवली की बघतच राहावं. ऑफिसमध्ये एका दुपारी मी ते पहिल्यांदा पाहिलं आणि एकामागून एक उघडत बसलो, चहा गार होऊन गेला. तीच वाक्यं, पण एकदा जपानी बाग, एकदा जुनं पोस्टर. नऊ वर्षांपूर्वीचा तो प्रस्ताव नक्की काय म्हणत होता ते मला त्या दिवशी कळलं.

कळलं, पण करायचं कसं? रकाने पाडायला सीएसएसमध्ये तेव्हाही धड काही नव्हतं. मग आम्ही 'फ्लोट' वापरू लागलो. फ्लोट खरं तर मासिकात चित्राच्या बाजूने मजकूर वाहतो तेवढ्यासाठी. त्यावर आम्ही अख्खी पानं तोलली. ते कोसळू नये म्हणून वेगळ्या युक्त्या. दोन रकान्यांची उंची सारखी दिसावी म्हणून मागे रंगीत पट्ट्याचं चित्र लावायचं, ही डॅन सीडरहोमची २००४ मधली कल्पना. टेबलं सोडली, पण जुगाड काही सुटला नाही.

एक किस्सा सांगायलाच हवा. चौकटीची रुंदी दोनशे म्हटली तर त्यात आतली मोकळी जागा आणि कड धरायची की नाही? नियम म्हणे धरायची नाही. जुना एक्सप्लोरर धरायचा. यावरून आम्ही त्या एक्सप्लोररला किती शिव्या घातल्या असतील! पुढे सीएसएसमध्ये 'बॉक्स-साइझिंग' आलं, ज्यात दोन्हीपैकी हवं ते निवडता येतं, आणि २०१२ च्या सुमारास बहुतेक सगळ्यांनी निवडलं ते काय, तर एक्सप्लोररचंच. आजही माझ्या प्रत्येक फाइलची पहिली ओळ तीच असते.

मे २०१० मध्ये ईथन मार्कॉटने एक लेख लिहिला आणि 'रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइन' हा शब्द रूढ झाला. मोबाइलसाठी वेगळं पान नको, एकच पान पडद्याच्या मापाने स्वतःला बदलेल. याचा अर्थ असा की पान नेमकं कसं दिसेल हे मी ठरवूच शकत नाही, मी फक्त बोलणी करू शकतो. डिझायनर मंडळींना हे पचायला जड गेलं. मलाही गेलं.

आणि मग ग्रिड. रकाने आणि ओळी आखून पान मांडायची खरी सोय. ही कल्पना नवी नाही. बर्ट बॉस प्रभृतींनी १९९६ मध्येच चौकटींच्या मांडणीचा एक आराखडा केला होता, आणि पानाचा नकाशा अक्षरांनी काढून दाखवायची कल्पना बॉसनेच २००५ मध्ये मांडली. मायक्रोसॉफ्टने २०१२ मध्ये एक्सप्लोरर १० मध्ये ग्रिडचं पहिलं रूप आणलं. ज्याला आम्ही शिव्या घालायचो त्याच घराण्यात हे जन्मलं! क्रोम आणि सफारीमध्ये ते बसवायचं काम स्पेनच्या इगालिया या छोट्या सहकारी कंपनीने केलं, त्याला पैसा ब्लूमबर्गने पुरवला. आणि मार्च २०१७ मध्ये एकाच महिन्यात फायरफॉक्स, क्रोम, सफारी तिघांतही ग्रिड आलं. ब्राउझरांनी असं एकत्र काही करणं आम्हाला इतकं नवीन होतं की कुठे तरी पाणी मुरतंय असं वाटायचं. २०२२ मध्ये तर या कंपन्यांनी मिळून कोणत्या गोष्टी सगळीकडे सारख्या चालल्या पाहिजेत याची यादीच केली. त्याच वर्षी १५ जूनला मायक्रोसॉफ्टने एक्सप्लोरर निवृत्त केला. ऑफिसात मी पेढे वाटले. तरुण मुलांना कळेना का ते.

तर, सीडी. तुम्ही म्हणाल, जुना फॉन्ट मशीनवर बसवला की झालं. बसवला. सीडीवरच होता. दिसू लागली अक्षरं, नाही असं नाही. पण फक्त माझ्या लॅपटॉपवर. आईच्या फोनवर परत डॉलर. 'भूकंप' शोधायला गेलं तर सापडत नाही, कारण फाइलमध्ये भूकंप हा शब्दच नाही. बाबांच्या आठवणी एका फॉन्टच्या खुंटीला टांगून ठेवायच्या हे काही पटेना.

मग ते काम काढलं. फॉन्टमधली चित्रं एकेक करून वहीत उतरवली, समोर युनिकोडचं अक्षर. वाटलं, एका दुपारचं काम आहे. पण त्या फॉन्टमध्ये 'ग' नावाचं अक्षरच नव्हतं, अर्धा ग आणि पुढे काना. ऱ्हस्व वेलांटी दिसते तशी अक्षराच्या आधी. 'स्थिती' लिहिताना पहिली वेलांटी सगळ्यांत आधी येते, युनिकोडमध्ये ती 'स्थ' संपल्यावर. रफार उलट, फॉन्टमध्ये अक्षरानंतर, युनिकोडमध्ये आधी. वेलांट्या तीन रुंदीच्या, अनुस्वार दोन जागचे. रोज रात्री जेवण झाल्यावर तासभर, असे दीड महिना चाललं. हळूहळू ओळी उमटू लागल्या. पहिलं पूर्ण वाक्य लागलं ते 'पावसाळ्यात कोयनानगरला सूर्य दिसला तर साहेब रजा देत'. हे बाबांचंच वाक्य. मोठ्याने वाचलं.

अडलं ते प्रश्नचिन्हांपाशी. 'फायनल २' करताना मी ती फाइल एका नव्या एडिटरमध्ये उघडून सेव्ह केली होती. विंडोजच्या पाश्चात्त्य अक्षरांच्या तक्त्यात पाच जागा रिकाम्या आहेत. आमच्या फॉन्टने त्या पाचांतही अक्षरं कोंबली होती. द्य, द्ध, द्द, ट्ट आणि ह्म. एडिटरला त्या जागा ओळखीच्या नाहीत, त्याने पाचांचंही प्रश्नचिन्ह करून टाकलं. बहुतेक ठिकाणी अंदाज येतो. 'वि?ार्थी' म्हणजे विद्यार्थीच, 'प?त' म्हणजे पद्धत. पण भूकंपाच्या प्रकरणात एक नाव होतं. ब, प्रश्नचिन्ह, त्याला दीर्घ उकार, पुढे 'मुकादम'. पडलेल्या भिंतीखालून बाबांना याच माणसाने ओढून बाहेर काढलं होतं. मी 'बट्टू मुकादम' केलं. कामावर कुणाला ठेवलेलं टोपणनाव असेल, ठेंगणा-ठुसका माणूस असेल, असं डोळ्यासमोर आलं.

पान नव्याने मांडायला मात्र एक संध्याकाळ पुरली, आणि सीएसएस झालं चाळीस ओळींचं! २००१ मध्ये जी चौकट उभी करायला मला तीन आठवडे लागले होते ती ग्रिडच्या चार ओळींत आली. तीच मरून पट्टी, तीच सोनेरी रेघ, मुद्दाम तशीच ठेवली. फोनवर मेनू आपसूक वर जातो आणि फोटो मजकुराखाली. ठसा पानाबरोबर पाठवायची सोय मधली काही वर्षं नियमांतून गळली होती. ती २००८-०९ मध्ये सफारी आणि फायरफॉक्सने परत आणली, आणि आता फाइलही आटोपशीर असते. मी 'टिरो देवनागरी मराठी' वापरला. याचे हिंदी आणि संस्कृत असे वेगळे अवतार आहेत, कारण आपला पाकळ्यांचा ल आणि देठाचा श हिंदीवाल्यांपेक्षा निराळा. काही फॉन्टांमध्ये तर दोन्ही रूपं असतात, पानाच्या सुरुवातीला भाषा मराठी आहे एवढं सांगितलं की ब्राउझर आपला ल निवडतो. राज्य सरकारने २००९ मध्ये देवनागरीचं प्रमाण ठरवून दिलं त्यातही ही रूपं आहेत. यादीला देवनागरी आकडे हवे असतील तर एक शब्द पुरतो. अजून खोडी आहेतच. मथळ्याची अक्षरं जरा विरळ करावीत म्हणून अंतर वाढवलं तर शिरोरेघ तुटते आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो. ती सूचना इंग्रजी डोळ्यासमोर ठेवून केलेली, आपण ती वापरायची नाही.

अक्षराचा आकार मी दिलाच नाही. म्हणजे ज्याच्या ब्राउझरचा जो मूळ आकार असेल तो, आणि बाकी सगळी मापं त्याच्या पटीत. रात्री कुणाला काळी पार्श्वभूमी हवी असेल तर तेही फोनला विचारून पान बदलतं.

आई आता एक्याऐंशी वर्षांची आहे. तिच्या फोनवर अक्षर सगळ्यांत मोठं करून ठेवलेलं, एका ओळीत चार-पाच शब्द मावतात. मी पान उघडून दिलं. रकाना पडला नाही. ती खिडकीशी बसून अंगठ्याने वर सरकवत वाचत राहिली, मध्ये एकदा चष्मा पुसला. मी स्वयंपाकघरात उगाच भांडी लावत होतो.

तासाभराने हाक आली.

"हे बट्टू कोण लिहिलंयस?"

मी प्रश्नचिन्हाची गोष्ट सांगितली.

"बट्टू कसला, चांगला सहा फूट उंच होता तो," आई म्हणाली. "बद्दू. बद्रुद्दीन. ईदला शीरखुर्मा घेऊन यायचा आपल्याकडे."

तिच्यासमोरच लॅपटॉप उघडला आणि दुरुस्त केलं. मग ती पुढचं वाचायला लागली.